मशीनवर ओतलेलं पाणी

एप्रिल अर्धा सरला की माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागते. बारीक, लांबून येणारी, शेजारच्या घरातल्या कुकरसारखी. डॉक्टरांनी तपासलं, पडदा ठीक आहे म्हणाले. पडदा ठीक असेल. ऊन ठीक नाही. या शहरात ऊन पडत नाही, ऊन मारतं. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या मानेवर पहिला फटका बसतो. दुपारी तर भिंतीसुद्धा मार खाल्लेल्या माणसासारख्या तोंड मिटून उभ्या असतात. कडुलिंब तेवढा हिरवागार राहतो आणि मला त्याचाही राग येतो.

यंदा टँकर लवकर आले. बीड बायपासवरच्या आमच्या सोसायटीत कधी टँकर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. इथं जिम आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, गेटवर कारंजं आहे. फ्लॅट घेताना मी बिल्डरला घाम फोडला होता. पार्किंग, गच्चीवरची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या, एकेक गोष्ट ओरबाडून घेतली होती. बोअरला बारमाही पाणी आहे, हे मात्र त्यानं लेकराबाळांची शपथ घेऊन सांगितलं. तो बोअर होळीच्या सुमाराला खोकायला लागला आणि पाडव्यापर्यंत नुसती हवा फेकू लागला. आता सकाळी गेटबाहेर हॉर्न वाजतो आणि कुणाला न जुमानणारे लोक बादल्या घेऊन पळतात. पळताना माणसाचा हुद्दा गळून पडतो. बँकेतले साहेब, प्राध्यापकीणबाई, सगळे कोपरं बाहेर काढून पळतात.

मागच्या आठवड्यात अशाच एका सकाळी मी बाल्कनीत उभा राहून फोनवर बोलत होतो. माझं कामच बोलायचं आहे. मोठ्या कंपन्यांना हल्ली स्वतःचे सर्व्हर स्वतःच्या खोलीत ठेवायचे नसतात. दूरच्या अवाढव्य इमारतींमधली मशीन भाड्यानं घ्यायची असतात. किती घ्यायची, कुठल्या शहरातली, कामाची वाटणी कशी करायची, एक इमारत बंद पडली तर कोणती धावून येणार, हे सगळं मी आखून देतो आणि भाड्याचा भावही मीच पाडतो. याला क्लाऊडचं काम म्हणतात. त्या नावावरून जो विनोद सुचतो, तो दुष्काळात माझ्यासमोर कुणी केलेला मला चालत नाही.

तर खाली टँकरला बायका लागल्या होत्या आणि त्यांच्यापासून चार पावलांवर तळमजल्यावरचा स्टीलचा व्यापारी पाइप लावून गाडी धूत होता. पांढरी गाडी. चाकांच्या मधल्या जाळीवर तो नेमानं, प्रेमानं धार धरत होता. मी फोन बंद केला. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो.

"पाइप बंद करा," मी म्हणालो.

"माझ्या वाट्याचं पाणी आहे," तो म्हणाला. "मी प्यायचं का गाडीवर मारायचं, ते मी ठरवीन. तुमच्या घरचं गेलं का काही?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा गाडीखाली गेला. पाइप जमिनीवर पडून सापासारखा वळवळत राहिला. सगळे आमच्याकडे बघत होते, पाण्याकडे कुणी बघत नव्हतं. मग एका बाईनं पाइप उचलून स्वतःच्या बादलीत धरला आणि म्हणाली, "चालू द्या तुमचं."

संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. सेक्रेटरी सज्जन माणूस आहे. "तुमचा मुद्दा बरोबर होता हो," तो म्हणाला, "पण हात? एकदा सॉरी म्हणा, विषय मिटवू." मी म्हणालो, मिटवू नका. पोलिसात जा, कोर्टात जा, मी माफी मागणार नाही. मी मारलं ते मनापासून मारलं. बोललो, उठलो आणि लिफ्टमध्ये शिरलो. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा उजवा तळवा अजून झिणझिणत होता. त्या हाताकडे मी बघत राहिलो. तो मला ओळखीचा वाटला, पण माझा म्हणून नव्हे. दादाचा म्हणून.

मी विशीत होतो, त्या उन्हाळ्यात शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं आणि शहर चारी बाजूंनी फुगत होतं. सिल्लोडकडच्या आमच्या गावातून दादा आधी आला, वाळूजला फिटर म्हणून लागला, मग त्यानं मला आणलं. वाळूजच्या एका वस्तीत दोन खोल्या. एकीत दादा-वहिनी, दुसरीत आई आणि मी. जिकडे बघावं तिकडे नवी बांधकामं उभी राहत होती आणि विटांवर मारायलासुद्धा पाणी नव्हतं. कोरड्या विटांची घरं पुढं भेगाळली. त्या वर्षी बांधलेली घरं मला अजून लांबून ओळखू येतात.

वस्तीत टँकर यायचा तो थांबायच्या आतच लढाई सुरू व्हायची. पोरं चालत्या टँकरवर चढून वरच्या तोंडातून पाइप आत सोडायची. ज्याचा पाइप आधी त्याचं पाणी, असा तिथला कायदा. खाली हंडे आपटायचे, केस धरले जायचे, बांगड्या फुटायच्या. ड्रायव्हर हातात लोखंडी पाना घेऊनच खाली उतरायचा. पत्र्याच्या हंड्याची कड कपाळाला लागली की काय आवाज होतो ते मला माहीत आहे. पाणी गेल्यावर रस्त्यावर थोडा चिखल उरायचा, त्यात तुटक्या चपला आणि कुणाचं तरी रक्त. चिमण्या त्या चिखलात चोच खुपसायच्या.

मीही दादाच्याच कंपनीत होतो; गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, नाव सांगून उपयोग नाही. दादा शॉपमध्ये यंत्रांवर, मी ऑफिसच्या मागच्या सर्व्हर रूमवर, कंत्राटी. सर्व्हर रूम म्हणजे एक आंधळी खोली, दोन कपाटं भरून मशीन आणि त्यांना गार ठेवणारा एक एसी. साहेबानं पहिल्या दिवशी मला सांगितलं, "हे बंद पडलं तर मालाचं चलन छापलं जाणार नाही. चलन नाही तर ट्रक गेटबाहेर जाणार नाही. ट्रक अडला तर तू घरी." मी खेड्यातला आणि तो तीन पिढ्यांच्या कारकुनीतून वर चढलेला. माझ्याशी बोलताना तो कागदाकडे बघायचा.

त्या उन्हात एसीचं बाहेरचं युनिट दम टाकायचं. ते कँटीनच्या गच्चीवर, पत्र्याच्या बाजूला होतं. दुपारी त्याची जाळी इतकी तापायची की आतला कॉम्प्रेसर आपोआप बंद व्हायचा आणि खाली खोलीत मशीन केकाटायला लागायची. तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला माहीत आहे. आजारी लेकराच्या रडण्यासारखा, ऐकवत नाही आणि सोडवतही नाही. याला आपल्याकडे एकच उपाय: युनिटभोवती गोणपाट बांधायचं आणि त्यावर पाणी मारायचं. जाळी निवली की कॉम्प्रेसर पुन्हा हुंकारतो. मराठवाड्यातला कुठलाही एसीवाला हेच करतो. साहेबानं मला तेच सांगितलं. "टाकीतून बादली घे आणि मार पाणी. विचारत बसू नको." टाकी कँटीनची होती. पिण्याची.

मी रोज दुपारी गच्चीवर जाऊन पाणी मारायचो. मला त्या कामाचा अभिमान होता, हे मी आजही दडवत नाही. खाली दोन कपाटांत अख्ख्या कारखान्याचा हिशोब धडधडत होता आणि तो माझ्या बादलीवर जिवंत होता.

त्या दिवशी कारखान्याचा टँकर आलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत माणसं कूलरपाशी रांगेत उभी राहिली. कूलर कोरडा. मी वर होतो, मला यातलं काही माहीत नव्हतं. टाकीच्या तळाला उरलं होतं ते उपसून मी गोणपाटावर एक बादली मारली, दुसरी मारली. पाणी गच्चीवरून वाहत पावसाळी पाइपात गेलं आणि पाइपाच्या तोंडातून अंगणात गळायला लागलं. काळं, धुळीचं, गरम पाणी. रांगेतल्या कुणी तरी ओंजळ धरली. कुणी तरी बाटली लावली. मग त्यांनी मान वर केली.

"देखो रे!" छावणीतला गफूरभाई वेल्डर ओरडला. "आदमी प्यासे मररे, ये मशीन कू पानी पिलारा!"

पुढचं फार लवकर झालं. लोखंडी शिडीवर बुटांचा खडखडाट आला. मला कॉलर धरून ओढत खाली आणलं. शिडीच्या पायऱ्या माझ्या पाठीनं मोजल्या. अंगणात पहिला गुद्दा बरगडीत बसला, मग गुद्दे कुणाचे ते कळेनासं झालं. माझ्या डोक्यावर रिकामी बादली आपटली गेली. ज्यांच्याबरोबर मी डबा खायचो, ती माणसं. मी ओरडत होतो, साहेबांनी सांगितलं, साहेबांना विचारा. साहेब ऑफिसच्या दारात आला. "मी असं काहीही सांगितलेलं नाही," तो म्हणाला, आणि या वेळी तो माझ्याकडे बघत म्हणाला. म्हणजे पाण्याचा चोर मीच ठरलो.

तेवढ्यात शॉपमधून दादा आला. दादाला कारखान्यात मान होता. माणसं बाजूला झाली, वाट केली. मला वाटलं सुटलो. मी हात पुढे केला, त्यानं धरून उठवावं म्हणून. दादानं मला उठवलं, नीट उभं केलं आणि डाव्या कानावर अशी हाणली की अंगणातले सगळे आवाज एकदम बंद पडले. माणसांची तोंडं हलत होती आणि जग मुकं झालं होतं. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. दादा वळला आणि शॉपमध्ये निघून गेला.

मी घरी गेलो नाही. फाटक्या शर्टानंच बसस्टँड गाठलं आणि पुण्याची गाडी धरली.

घरी गेलो असतो तर वहिनीला बघितलं असतं. त्याच सकाळी, मी कामावर निघून गेल्यावर, टँकरच्या रेटारेटीत तिच्या कपाळावर हंडा बसला होता. दादा तिला टाके घालून आणून थेट कामावर आला होता. हे मला पुष्कळ नंतर आईनं फोनवर सांगितलं. त्याच्यापुढं ती तिचं ठरलेलं वाक्य जोडायची. "वाचवायला मारलं रे त्यानं तुला. तो मारतोय म्हटल्यावर बाकीचे थांबले. नसतं मारलं तर तुझा जीव घेतला असता त्यांनी." पुढं मामा हेच म्हणाले, चुलते म्हणाले, माझी बायकोही म्हणायला लागली. सगळ्यांना हे स्पष्टीकरण फार आवडतं. माझ्याच्यानं ते कधी गिळलं गेलं नाही. मार खाल्लेल्या कानाला खरं-खोटं कळतं.

मी माझी मागणी पहिल्याच वर्षी कळवून टाकली होती. दादानं त्या माणसांसमोर एकदा म्हणावं, माझ्या भावानं चोरी केली नव्हती, मी चुकलो. बस. हजार वेळा मध्यस्थ आले. चार माणसांऐवजी एकट्यात म्हटलं तर? चुकलो ऐवजी वाईट वाटलं म्हटलं तर? मी आयुष्यभर दुसऱ्यांचे भाव खाली आणत आलो. हा एक भाव मी एका पैशानंही खाली आणला नाही.

भाव करायला मला आईनं शिकवलं. औरंगपुऱ्यात लुगडं घ्यायला गेली की ती कापड चार बोटांत चुरगळायची, किंमत ऐकून हसायची आणि काही न बोलता उठून चालायला लागायची. दुकानाची पायरी उतरायच्या आत मागून हाक यायची, "अहो बाई, बसा तर खरं!" ती मला म्हणायची, उठून जाता आलं पाहिजे, बाकी काही नाय. मी आजही तेच करतो. परवा एका कंपनीचा प्रतिनिधी स्क्रीनवर हात जोडून म्हणाला, "सर, यापेक्षा खाली शक्यच नाही, वरून परवानगी नाही." मी म्हणालो, बरं, नमस्कार, आणि स्क्रीन बंद केली. चहा उकळायच्या आत त्याचा फोन आला. परवानगी मिळाली होती. दादाच्या बाबतीतही मी उठून गेलो होतो. पायरी उतरलो, शहर सोडलं, आणि कान लावून बसलो. मागून हाक आली नाही.

पुण्यात मी सर्व्हर खांद्यावर वाहण्यापासून सुरुवात केली. इंग्रजी पुस्तकं पाठ केली, समजत नव्हती तेव्हाही. मोठ्या घरच्या पोरांनी मला हसून घेतलं. एकाला मी खुर्ची फेकून मारली होती. नेम चुकला, हसणं थांबलं. पुढं स्वतःचं काम घेऊन मी याच शहरात परतलो, कारण मला इथंच राहून दाखवायचं होतं. या धंद्यातला पहिला नियम माझ्या अंगात पुस्तकाच्या आधीच भिनला होता: जे बंद पडू शकतं ते बंद पडणार. एका खोलीवर, एका एसीवर, एका बादलीवाल्यावर कारखाना टांगून ठेवायचा नसतो. एक गेलं तर दुसरं उभं पाहिजे, दुसरं गेलं तर तिसरं. माझ्या घरात इन्व्हर्टर दोन आहेत, इंटरनेटच्या लाइनी दोन आहेत, चष्मेसुद्धा दोन. भाऊ मात्र एकच होता.

रविवारी मी जुन्या नहरीच्या मागावर हिंडतो. हा माझा एकच शौक. डोंगराच्या पोटातून शेकडो वर्षांपूर्वी पाणी खेळवलेलं, पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. अधूनमधून दगडी बंबे उभे आहेत, मनोऱ्यासारखे. पाण्याबरोबर कोंडलेली हवा त्यातून बाहेर निघते. नाही निघाली तर आतल्या आत नळ फुटतो. काही बंब्यांना लोकांनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत, काहींच्या अंगावर दुकानं चढली आहेत. मी हात लावून बघतो. कुणी तरी मोठ्या डोक्याच्या माणसानं आखलेलं आहे, आणि त्यालाही कुणाकुणाशी भांडावं लागलं असणार. मला त्यातली आखणी आवडते. बोध वगैरे मी घेत नाही.

आणि हो, त्या दूरच्या इमारतीही पाणी पितात. आतली मशीन थंड ठेवायला त्यांतल्या बऱ्याच जणींना पाणी लागतं, आणि बादलीनं भागत नाही. लोकांना वाटतं, आपले फोटो, आपले हिशोब हवेत कुठं तरी तरंगतायत. ते कुठं तरी जमिनीवरच असतात आणि त्यांना तहान लागते. यंदा शेंद्र्याच्या पलीकडे अशीच एक इमारत उभी करायचं चाललंय आणि आखणीसाठी ते माझ्याकडे आलेत. पहिल्या बैठकीत मी विचारलं, पाणी कुठलं? समोरचा हसला. "ते आम्ही बघून घेऊ सर, ते तुमच्या कक्षेत नाही."

सोसायटीच्या बैठकीनंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. व्यापाऱ्याचं दुःख नव्हतं. तो आता गाडी ओल्या फडक्यानं पुसतो. मला खुपत होतं ते वेगळं. मी मनापासून मारलं आणि माफी मागणार नाही म्हणालो. आणि दादानं माफी मागावी म्हणून मी त्याचं तोंड बघत नव्हतो. आईच्या दहाव्यालाही एका पंगतीत बसून बोललो नव्हतो. एकाच मालाचे दोन भाव. विकताना एक, घेताना एक. असा दुकानदार मला भेटला असता तर मी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मला दादाला एकच गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर आल्याशिवाय काही ठरणार नव्हतं. मी गाडी काढली आणि वाळूजला गेलो.

दादानं आता घराच्या पुढच्या बाजूलाच छोटं वर्कशॉप टाकलंय. तो स्टुलावर बसून कानशीनं लोखंड घासत होता. केस पिकलेत, मनगटं तशीच. वहिनीनं आधी बघितलं. "अगं बाई, भावजी!" म्हणाली आणि पदर डोक्यावर घेतला. पदराखाली कपाळावरचा जुना व्रण दिसला.

दादानं वर बघितलं नाही. "आज कसं काय? रस्ता चुकला का?"

"एक विचारायचंय."

"पाणी पी आधी."

"नको. आधी विचारतो. त्या दिवशी मला मारलंस ते वाचवायला, की खरं?"

कानस थांबली. "आई काय सांगायची?"

"वाचवायला."

"मग झालं की."

"आईचं सोड. तू सांग."

दादानं कानस ठेवली, हात पँटीला पुसले. "खरं मारलं," तो म्हणाला. "लई जोरात मारलं. माझाच हात सुजला होता. वाचवायचं-बिचवायचं काय बी डोक्यात नव्हतं. आई उगं सगळ्यांना सांगत बसली, म्हणून मी गप राहिलो."

वहिनी पुढं झाली. "अहो, काय बोलता? भावजी, माझं डोकं फुटलं होतं ना, त्यांचं टाळकं फिरलं होतं."

"तू मधी पडू नको," दादा तिला म्हणाला. "तुझं डोकं फुटलं, त्याला हा काय करणार? मी मारलं, कारण हा वर उभा राहून हसत होता, शॉपच्या खिडकीतून बघितलं मी. खाली माणसं गटारीचं पाणी ओंजळीत धरायलीत आणि हा साहेबाच्या बाजूला जाऊन हसायलाय. माझा भाऊ!"

"हसत होतो?" मी एक पाऊल पुढं सरलो. "मी? ऊन होतं समोर! डोळे बारीक केले होते मी, तोंड वाकडं झालं असेल!"

"हसत होतास. दात दिसले मला."

"उन्हात दात दिसतात माणसाचे!"

"मला हसू कळत नाय व्हय? लहानपणापासून बघतो तुला."

"मग माफी?"

"कशाची? माग म्हणून मागणार नाय. आज बी तसा हसलास तर आज बी मारीन."

बाहेर कुठं तरी भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि गल्लीतून एकच ओरडा उठला, "नळ आला, नळ!" वहिनीनं आम्हा दोघांच्या मधूनच धाव घेतली. दादा ड्रम ओढायला लागला. मी दुसरी बाजू धरली, कारण तो एकट्याच्यानं हलणारा नव्हता. नळाला धार करंगळीएवढी. एकाखाली एक भांडी सरकवत आम्ही भांडत होतो. सात-आठ हंडे झाले तरी मुद्दा पुढं सरकला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वैनी, भांडण झालंय का?" वहिनी म्हणाली, "नाय, दीर आलेत."

हंडा उचलता उचलता दादानं विचारलं, "तुझ्या त्या मशिनी अजून पाणी पितात का रे?"

"पितात. लई पितात."

"मग तू अजून तेच करतो की."

त्याच्या हातात हंडा नसता तर मी त्याला मारलं असतं. एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं नेमकं मारलं नव्हतं. मी म्हणालो, मी तेच करत नाही, मी कमी मशीन लागतील अशी आखणी करतो, मी विचारतो तरी, बाकीचे विचारत पण नाहीत. तो म्हणाला, "विचारून पाणी थांबतं व्हय?" मी पायानं बादली लाथाडली. भरलेली होती. वहिनीनं मला नाव घेऊन शिवी दिली, दादानं वहिनीला गप केलं आणि मला म्हणाला, "ती भरून दे." मी भरून दिली.

शेंद्र्याच्या लोकांना मी कळवलं आहे: पिण्याचं पाणी एक थेंब नाही, शहराचं सांडपाणी साफ करून वापरायचं, आणि हे करारात पहिल्या पानावर. नसेल जमत तर दुसरा आखणारा बघा. ते घासाघीस करतायत. करू देत.

दादा आता फोन करतो. कामाचं काही नसतं. "हसत होतास," इथून सुरुवात होते. नव्हतो, मी म्हणतो. आवाज चढतात, माझी बायको स्वयंपाकघराचं दार लावून घेते, तिकडून वहिनीचा आवाज येतो, "अहो, सगळी गल्ली ऐकायली!" माफीचं नाव आम्ही दोघंही काढत नाही. परवा त्यानं मला नालायक म्हटलं, मी त्याला आंधळा म्हटलं, आणि ताटं वाढून ठेवलेली गार झाली तरी दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.